जे. पी. नाईक यांचा ‘निसटता त्रिकोण’ आणि मुलीचा वेळ

१

जयंत पांडुरंग नाईक यांचा ‘इक्वॉलिटी, क्वॉलिटी अँड क्वांटिटी : द इल्यूझिव्ह ट्रँगल इन इंडियन एज्युकेशन’ हा ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला. समता, गुणवत्ता आणि संख्या या शिक्षणाच्या तीन उद्दिष्टांचा परस्परसंबंध त्यांनी त्रिकोणाच्या रूपकाने मांडला. एक बाजू सावरावयास जावे तो दुसरी हातची निसटते, हे भारतीय शिक्षणाचे जुने दुखणे या एका प्रतिमेने नेमके दाखविले. तेव्हापासून हा त्रिकोण शिक्षणविषयक चर्चेत रूढ झाला आहे. तथापि रूढ झालेल्या प्रतिमेचे जे होते ते याही प्रतिमेचे झाले. तिचा उल्लेख पुष्कळ होतो. तिची तपासणी मात्र क्वचितच होते.

प्रस्तुत लेखात ही तपासणी एका मर्यादित अंगाने करावयाची आहे. नाईकांच्या विचारात मुलीच्या शिक्षणाला कोणते स्थान आहे, आणि त्या स्थानावरून पाहिले असता त्यांचा त्रिकोण कितपत टिकतो, एवढाच येथील प्रश्न आहे. मुलगी शाळेत का येत नाही याचे कारण नाईकांनी त्यांच्या पिढीतील बहुतेक नियोजकांपेक्षा अधिक अचूक ओळखले होते. हे कारण म्हणजे तिचा वेळ. परंतु त्या कारणावर त्यांनी जो उपाय सुचविला त्याने तो वेळ मोकळा झाला नाही; शाळाच त्या वेळेच्या उरल्यासुरल्या तुकड्यात बसविण्यात आली. निदान बरोबर आणि उपचार अपुरा, असे या प्रकरणी म्हणावे लागते. हे विधान पुढे सप्रमाण मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

२

नाईकांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी या खेड्यात झाला. ज्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला, त्याच परिसरात त्यांचे बालपण गेले. स्वातंत्र्य-आंदोलनात त्यांनी कारावास भोगला. सुटकेनंतर धारवाड जिल्ह्यातील उप्पीन बेटगेरी या गावी राहून त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले. शाळा, आरोग्य, स्वच्छता हे प्रश्न तेथे त्यांना एकमेकांत गुंतलेले दिसले. पुढे कोल्हापूर संस्थानच्या सेवेत त्यांनी काही वर्षे काढली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. १९४८ साली मुंबईत स्थापन झालेली आणि १९७६ साली पुण्यास आलेली भारतीय शिक्षण संस्था हे त्यांचे दुसरे मोठे संस्थाकार्य होय. १९५९ पासून ते भारत सरकारचे शिक्षणविषयक सल्लागार होते. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव, आणि १९६९ ते १९७८ या काळात भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव, ही पदे त्यांनी भूषविली. ३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

या चरित्रातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. रूढ अर्थाने नाईक अर्थशास्त्रज्ञ नव्हते. परंतु विकासाच्या अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न, म्हणजे अपुऱ्या साधनांतून अधिकांत अधिक माणसांपर्यंत काय व कसे पोहोचवावे हा प्रश्न, त्यांनी आयुष्यभर शिक्षणाच्या क्षेत्रात सोडविण्याचा प्रयत्न केला. एकशिक्षकी शाळेवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. सय्यद नुरुल्ला यांच्यासह १९४३ साली लिहिलेला भारतीय शिक्षणाचा इतिहास दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. या सर्व लेखनात शिक्षक किती, वर्ग किती, खर्च किती, मुले किती आली आणि किती टिकली, हा हिशेब अखंड चालू असतो. आकड्यांवर असा विश्वास असलेल्या लेखकाने आकड्यांत न मावणारा प्रश्न कसा हाताळला, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

३

त्रिकोणाची कल्पना समजून घेण्यासाठी तिच्या मागील वाद ध्यानात घेतला पाहिजे. १९२९ सालच्या हार्टोग समितीने प्राथमिक शिक्षणातील गळती व स्थगिती यांकडे प्रथमच ठळकपणे लक्ष वेधले. पहिलीत आलेली मुले साक्षर होण्यापूर्वीच शाळा सोडतात, तेव्हा विस्तारापेक्षा आहे त्या शाळांचे दृढीकरण करावे, असा तिचा निष्कर्ष होता. म्हणजे आधी गुणवत्ता, मग संख्या. नाईकांना हा क्रम मान्य नव्हता. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा मांडता येईल : ज्या समाजात शाळा थोड्यांनाच मिळते, तेथे गुणवत्तेचा आग्रह हा शाळेत आधीच पोहोचलेल्यांच्या सोयीचा आग्रह असतो. विस्तार थांबवून वाढविलेली गुणवत्ता वरच्या वर्गाच्या पदरी पडते, आणि विषमता होती त्याहून वाढते.

याच्या उलट बाजूही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे दाखविली आहे. स्वातंत्र्यानंतर पटसंख्या झपाट्याने वाढली. परंतु नव्याने येणाऱ्या मुलांसाठी शाळेचे रूप बदलले नाही. शाळेची वेळ, वर्षाची आखणी, अभ्यासक्रम, परीक्षा हे सर्व मध्यमवर्गीय घरातील मुलासाठी घडविलेले होते. तीच शाळा शेतमजुराच्या मुलापुढे उभी केली गेली, आणि तो गळाला तेव्हा दोष त्याच्या पालकांना दिला गेला. संख्या वाढली म्हणून समता साधली असे झाले नाही. गुणवत्ता थोड्या निवडक शाळांत गोळा झाली. तीनही बाजू एकत्र साधावयाच्या तर शाळेची घडणच बदलली पाहिजे, हे या ग्रंथाचे प्रतिपाद्य आहे. शिक्षण आयोगाने सुचविलेली समाईक शाळापद्धती, शेजारशाळेची कल्पना, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस या सर्वांच्या मुळाशी हीच दृष्टी होती.

येथपर्यंतचे विवेचन आजही निर्दोष वाटते. अडचण पुढे येते. नाईकांच्या मांडणीत ‘समता’ या एकाच बाजूखाली अनेक प्रकारच्या विषमता एकत्र येतात : गाव आणि शहर, दलित आणि सवर्ण, गरीब आणि श्रीमंत, मुलगी आणि मुलगा. हिशेबासाठी हे सोयीचे आहे. परंतु या विषमतांची जात एक नाही. गाव आणि शहर यांतील अंतर शाळा बांधून काही अंशी तरी भरून काढता येते. मुलगी आणि मुलगा मात्र एकाच घरात, एकाच शाळेच्या एकाच अंतरावर राहतात; तरीही एक शाळेत जातो आणि दुसरी जात नाही. या ठिकाणी शाळेचा अभाव हे कारण पुरे पडत नाही.

४

हे नाईकांच्या लक्षात आले नव्हते असे समजणे अन्यायाचे होईल. १९५८ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय स्त्रीशिक्षण समितीने मुलगा-मुलगी यांच्या शिक्षणातील दरी भरून काढण्यासाठी विशेष प्रयत्नांची मागणी केली होती, आणि शिक्षण आयोगाने तिला पाठिंबा दिला होता. आयोगावर सुलभा पाणंदीकर या एकमेव महिला सदस्य होत्या, हीही त्या काळाची एक खूण मानता येईल. आयोगाच्या अहवालानुसार कनिष्ठ प्राथमिक स्तरावरील गळती मुलांमध्ये सुमारे ५६ टक्के, तर मुलींमध्ये सुमारे ६२ टक्के होती. वरिष्ठ प्राथमिक स्तरावर हेच प्रमाण अनुक्रमे २४ आणि ३४ टक्के होते.

या आकड्यांकडे बारकाईने पाहिले तर एक महत्त्वाची गोष्ट दिसते. खालच्या स्तरावर दोघांतील फरक सहा टक्क्यांचा आहे, वरच्या स्तरावर तो दहा टक्क्यांचा होतो. एकूण गळती कमी होत असताना मुलीच्या वाट्याची गळती तुलनेने वाढते. ज्या वयात मुलगी पाणी भरू शकते, भाकरी थापू शकते, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊ शकते, त्याच वयात तिची शाळा सुटते.

नाईकांनी या गोष्टीचा अर्थ ओळखला होता. पूर्णवेळ शाळा, एकच प्रवेशबिंदू, आणि वर्षामागून वर्ष सलग चढण्याची सक्ती ही रूढ शाळेची तीन लक्षणे गरीब मुलाला, आणि त्याहूनही मुलीला, बाहेर ठेवतात, हा त्यांचा सिद्धान्त होता. सहाव्या वर्षी जी आली नाही तिला दहाव्या वर्षी दार बंद असते. आठव्या वर्षी जिची शाळा सुटली तिला परतीची वाट नसते. दिवसाचे पाच तास जी देऊ शकत नाही तिच्यासाठी दुसरी काही व्यवस्थाच नसते. यावर त्यांनी दोन उपाय सुचविले. पहिला बहुप्रवेशाचा : कोणत्याही वयात, कोणत्याही इयत्तेत प्रवेश मिळावा. दुसरा अर्धवेळ, अनौपचारिक शिक्षणाचा : मुलीला सवड असेल तेव्हा, दिवसातून दोन-अडीच तास, तिच्या वस्तीतच वर्ग भरावा. १९७९–८० पासून केंद्र सरकारने शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्या राज्यांसाठी सुरू केलेल्या अनौपचारिक शिक्षणाच्या योजनेमागे हीच विचारसरणी होती. त्याच सुमारास भारतीय शिक्षण संस्थेने डॉ. चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील खेड्यांत संध्याकाळच्या वर्गांचा प्रयोग आरंभिला. दिवसभर काम करणाऱ्या मुली त्या वर्गांना मोठ्या संख्येने आल्या. ही संख्याच नाईकांच्या निदानाचा पुरावा होय. मुलींना शिकावयाचे नव्हते हा समज या वर्गांनी खोटा ठरविला. त्यांना शिकावयाचे होते. दिवसा सवड नव्हती.

५

आता मूळ आक्षेपाकडे वळू. संध्याकाळचा वर्ग मुलीपर्यंत पोहोचला यात शंका नाही. परंतु तो पोहोचला तो तिच्या श्रमाच्या वेळापत्रकाला धक्का न लावता. दिवसभराचे घरकाम, गुरे राखणे, मूल सांभाळणे हे सर्व पूर्वीप्रमाणेच राहिले. त्यावर दोन तासांच्या अभ्यासाची भर पडली. तिचा भाऊ दिवसा ताज्या मनाने शिकतो, आणि ती दिवसाचे काम आटोपल्यावर शिकते. दोघेही शिकत आहेत असे पटावर दिसेल. यास समता म्हणावे काय? संख्येची बाजू साधली असे वाटत असतानाच गुणवत्तेची आणि समतेची बाजू पुन्हा निसटली, असेच म्हणणे प्राप्त आहे. नाईकांचा त्रिकोण त्यांच्याच उपायाला लावून पाहिला तर तो उपाय त्या कसोटीस पूर्णपणे उतरत नाही.

हा आक्षेप केवळ तात्त्विक राहिला नाही. १९९१ साली मायरन वाइनर यांनी ‘द चाइल्ड अँड द स्टेट इन इंडिया’ या ग्रंथात भारतीय अधिकारी व शिक्षणतज्ज्ञ यांच्यावर असा आरोप केला की गरिबांची मुले काम करणारच हे त्यांनी मनोमन स्वीकारले आहे. आंध्र प्रदेशात शांता सिन्हा यांच्या नेतृत्वाखाली मामिडिपुडी वेंकटरंगय्या प्रतिष्ठानने याहून स्पष्ट भूमिका घेतली. शाळेबाहेरचे प्रत्येक मूल हे कामकरी मूल होय, आणि त्याची जागा पूर्णवेळ शाळेतच आहे, असे त्यांनी मानले. ही भूमिका घरकाम करणाऱ्या मुलीलाही लागू होती, हे विशेष. तिचे काम मजुरीच्या हिशेबात धरले जात नाही, म्हणून ते काम नव्हे, ही पळवाट येथे बंद झाली.

नाईकांच्या बाजूने एक उत्तर देता येईल, आणि ते हलके नाही. पूर्णवेळ शाळेची वाट पाहात बसलेली एक पिढी निरक्षर राहिली असती. अर्धवेळ वर्गाने तिच्या हाती काही तरी दिले. १९५१ साली देशातील स्त्री-साक्षरता ८.८६ टक्के, १९७१ साली २१.९७ टक्के होती. या परिस्थितीत दोन तासांचा वर्ग नाकारणे हा पोटभरल्याचा शुद्धतावाद ठरला असता. हे उत्तर मान्य करूनही प्रश्न उरतोच. तात्पुरती सोय आणि धोरण यांत भेद असतो. सोय धोरण बनली की तिच्या आधारावर पूर्णवेळ शाळेची जबाबदारी टाळता येते. सरकारी अनौपचारिक वर्गांच्या बाबतीत पुष्कळ ठिकाणी तसेच घडले : अल्प मानधनावरील निदेशक, अपुरी साधने, आणि पुढच्या शिक्षणाकडे नेणाऱ्या वाटेचा अभाव.

नाईकांसारख्या सूक्ष्मदृष्टीच्या विचारवंताकडून हा पुढचा प्रश्न का सुटला असावा? याचे एक कारण त्या काळच्या साधनांत सापडते. मुलीचा वेळ नेमका कोठे जातो याचे राष्ट्रीय पातळीवरील मोजमाप त्यांच्या हयातीत उपलब्ध नव्हते. सहा राज्यांतील पहिले प्रायोगिक वेळवापर-सर्वेक्षण १९९८–९९ साली झाले. देशव्यापी सर्वेक्षण तर २०१९ साली झाले. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या, घरकामात भाग घेणाऱ्या व्यक्तींपैकी स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे त्या कामाला देतात, असे त्यात आढळले. जवळजवळ पाच तास. म्हणजे सामान्यतः एक पूर्ण शाळा.

दुसरे कारण मात्र साधनांचे नाही. १९७० साली डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरप यांचा ‘वुमन्स रोल इन इकॉनॉमिक डेव्हलपमेंट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील शेती फार मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या श्रमावर चालते, आणि विकासाच्या योजना मात्र पुरुष हाच शेतकरी असे गृहीत धरून आखल्या जातात, हे त्यांनी दाखविले. भारतात स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने १९७४ च्या अखेरीस ‘टुवर्ड्स इक्वॉलिटी’ हा अहवाल पूर्ण केला. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव होत्या. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ असलेले स्त्रियांचे प्रमाण १९७१ साली ९३० वर आले, आणि श्रमबाजारातील स्त्रियांचा वाटाही घटला, हे या अहवालाने उघड केले. या समितीच्या अभ्यासांना पाठबळ देणारी संस्था म्हणजे समाजविज्ञान संशोधन परिषद, आणि तिचे सदस्य-सचिव स्वतः नाईक होते. पुढे परिषदेने स्त्री-अभ्यासाचा स्वतंत्र कार्यक्रम हाती घेतला, त्यालाही त्यांचे साहाय्य होते. म्हणजे स्त्रीश्रमाचे नवे ज्ञान ज्या दाराने देशात आले ते दार उघडणाऱ्यांत नाईक होते. तरीही त्या ज्ञानाने त्रिकोणाची फेरमांडणी झाली नाही. त्यांच्या शिक्षणविचारात स्त्रीश्रम ही शाळेने जुळवून घ्यावयाची परिस्थिती राहिली. बदलावयाची व्यवस्था म्हणून ती पुढे आली नाही.

६

नाईकांची कल्पना भारताबाहेर कितपत लागू पडते हे पाहण्यासाठी आफ्रिकेचा अनुभव उपयोगी पडतो. १९६१ साली आदिस अबाबा येथील परिषदेत आफ्रिकी देशांनी १९८० पर्यंत सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचे लक्ष्य ठरविले. आपल्या राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने १९६० ची मुदत घातली होती. दोन्ही मुदती टळल्या. टांझानियाने १९७४ च्या मुसोमा ठरावानंतर प्राथमिक शिक्षण वेगाने पसरविले. मुला-मुलींची पटसंख्या तेथे जवळजवळ समान झाली. परंतु आर्थिक संकट व पुन्हा लागू झालेले शुल्क यांमुळे ही कमाई पुढील काळात ओसरली. मलावीने १९९४ साली प्राथमिक शुल्क रद्द केले तेव्हा पटसंख्या सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांवर गेली. युगांडात १९९७ साली ती सुमारे ३० लाखांवरून ५० लाखांवर पोहोचली. केनियात २००३ साली दहा लाखांहून अधिक मुले नव्याने आली. प्रत्येक ठिकाणी वर्ग भरून वाहू लागले, आणि शिकण्याच्या दर्जाविषयी तक्रार सुरू झाली. नाईकांच्या त्रिकोणाचे याहून चांगले प्रात्यक्षिक शोधून सापडणार नाही.

त्याच केनियात अर्थशास्त्रज्ञांच्या एका नव्या पिढीने वेगळ्या रीतीने काम केले. मायकेल क्रेमर व एडवर्ड मिगेल यांनी बुसिया भागात मुलांना जंताचे औषध दिले असता गैरहजेरी सुमारे एक-चतुर्थांशाने घटते, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले. याच भागात गुणवंत मुलींना शिष्यवृत्ती देण्याच्या प्रयोगात, शिष्यवृत्ती मिळण्याची फारशी आशा नसलेल्या मुलींचीही प्रगती झाल्याचे आढळले. एस्तेर डुफ्लो, पास्कलीन द्युपा व क्रेमर यांच्या अभ्यासानुसार शाळेचा गणवेश फुकट मिळाल्याने मुलींची गळती, लहान वयातील विवाह व गर्भधारणा यांत घट झाली. क्रेमर, डुफ्लो व अभिजित बॅनर्जी यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या संशोधकांची आणि नाईकांची वाटचाल शेजारी ठेवून पाहावी. आफ्रिकेतील या अर्थशास्त्रज्ञांनी प्रश्नाचे लहान तुकडे केले आणि एकेका तुकड्याचे काटेकोर उत्तर मिळविले. नाईकांनी प्रश्न अखंड ठेवला. त्यामुळे त्यांच्या उत्तरांत मोजमाप सैल आहे, पण व्यवस्था नजरेआड होत नाही. गणवेशाने गळती कमी होते हे पहिल्या पद्धतीने सिद्ध होते. परंतु गणवेशाच्या किमतीएवढ्या कारणाने मुलीची शाळा सुटावी आणि मुलाची तितक्या सहज सुटू नये, असे घर कोणत्या व्यवस्थेने घडविले, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. नाईक या दुसऱ्या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचले होते. त्यांच्याकडे उणीव होती ती मोजमापाची, आणि एका पुढच्या पावलाची.

७

हा सारा विचार आपल्या अंगणात कसा दिसतो ते पाहिल्याखेरीज हे विवेचन पुरे होणार नाही. वारणा खोऱ्यात १९५० च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या आधाराने दूधसंस्था आल्या, शाळा-महाविद्यालये आली, आणि खोऱ्यातील मुलींना पदवीपर्यंतचे शिक्षण घराजवळ मिळाले. ही वाढ नाईकांच्या कल्पनेतील विकासाशी जुळणारी आहे. परंतु पश्चिम महाराष्ट्राच्या साऱ्या ऊसपट्ट्याची दुसरी बाजूही आहे. गळीत हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून तोडणी कामगारांची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुले मागे ठेवता येत नाहीत तेव्हा ती बरोबर येतात. आणि आई-बाप फडात असताना कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे, पाणी आणण्याचे, चूल पेटविण्याचे काम बहुधा मोठ्या मुलीकडे येते.

या मुलीचे शालेय वर्ष जूनमध्ये गावी सुरू होते, आणि हंगाम लागताच मध्येच तुटते. रूढ शाळेविरुद्धचा नाईकांचा आक्षेप तिच्या बाबतीत शब्दशः खरा ठरतो. साखरशाळा व हंगामी वसतिगृहे हे यावरील दोन उपाय महाराष्ट्रात करून पाहण्यात आले आहेत. साखरशाळा शाळेला मुलीकडे नेते. तेथे तिच्या पाठोपाठ भावंडही वर्गात येऊन बसते, कारण त्याला कोणाकडे ठेवणार? वसतिगृह मुलीला गावीच ठेवून तिचा वेळ मोकळा करते. पण मग भावंड कोणी सांभाळावे, हा प्रश्न आईपुढे उभा राहतो, आणि मुलीला पाठीमागे ठेवण्याची धास्ती वेगळीच. पाळणाघराची सोय फडाजवळ नसेल तर दोन्ही उपाय अर्ध्यावर थांबतात. मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न पाळणाघरापाशी येऊन अडतो, ही गोष्ट कोणत्याही त्रिकोणात बसलेली नाही. पण ती बसविल्याखेरीज त्रिकोण पुराही होत नाही.

कायद्याची वाटचालही याच दृष्टीने तपासता येते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अमलात आला. वयानुरूप इयत्तेत प्रवेश, मागे पडलेल्यांसाठी विशेष प्रशिक्षण, आणि उशिरा आलेल्या मुलासही प्रवेश नाकारू नये ही तरतूद, या सर्वांत नाईकांचा बहुप्रवेशाचा विचार स्पष्ट दिसतो. त्यांचा अर्धवेळ शाळेचा विचार मात्र या कायद्याने मागे टाकला. हक्क मिळाला तो पूर्णवेळ शाळेचा. नाईकांच्या दोन उपायांतील पहिला राष्ट्राने स्वीकारला आणि दुसरा नाकारला, असे म्हणता येईल; आणि हा निवाडा योग्य झाला, असे आमचे मत आहे. तथापि २०१६ साली बालकामगार कायद्यात झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घालताना, शाळेच्या वेळेनंतर व सुटीत कुटुंबाला मदत करण्याची मुभा ठेवली. एका कायद्याने मुलीचा दिवस शाळेला दिला, दुसऱ्याने तिची संध्याकाळ घराला दिली. अर्धवेळ शाळा गेली. अर्धवेळ बालपण राहिले.

८

सारांश, नाईकांच्या कार्याचे मोल दोन ठिकाणी आहे. गळतीचा दोष मुलावरून व पालकावरून काढून त्यांनी तो शाळेच्या घडणीवर ठेवला. शिक्षणाचा अर्थशास्त्रीय विचार त्यांनी खर्चाच्या हिशेबाबाहेर नेला, आणि समता हा त्याचा मापदंड केला. या दोन्ही बाबतींत आजचा अभ्यासक त्यांचा ऋणी आहे. निधनानंतर १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर’ या ग्रंथात ज्या निर्भयपणे त्यांनी स्वतः सचिव असलेल्या आयोगाच्या अपयशाची चिकित्सा केली, तीच निर्भयता त्यांच्या त्रिकोणाच्या बाबतीतही दाखविणे हा त्यांच्या परंपरेचाच भाग होय.

त्यांची मर्यादा अशी की मुलीचा वेळ त्यांनी दिलेली राशी मानली आणि त्याप्रमाणे शाळेचे गणित मांडले. वस्तुतः त्या समीकरणात हीच अव्यक्त राशी होती. तो वेळ कोण वापरतो, त्याचे मोल कोणाच्या पदरी पडते, आणि तो मोकळा करण्याचा खर्च घराने, मालकाने की राज्याने सोसावयाचा, हे प्रश्न सुटल्याशिवाय समता, गुणवत्ता व संख्या यांतील ताण मुलीच्या बाबतीत सुटणार नाही. आपल्या विद्यापीठांतून स्त्रीशिक्षणावर होणारे बहुतेक प्रबंध अद्याप पटसंख्या व निकालाची टक्केवारी यांभोवती फिरतात. एका हंगामात, एका कारखान्याच्या परिसरात, कोपीवरच्या दहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलींचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा वेळ कोणी तासाप्रमाणे नोंदविला, तर नाईकांनी अर्धवट सोडलेल्या गणिताची पुढची पायरी लिहिली जाईल. हे काम या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना सहज करण्याजोगे आहे. आणि ज्या जिल्ह्याने नाईकांना घडविले त्याच्यावर त्याचा पहिला हक्क आहे.